सुट्या भागांचे घर

१९३८ साली इटलीतल्या पॉम्पेईच्या उत्खननात, व्हिया देल अब्बोन्दान्झा या प्राचीन रस्त्यालगतच्या एका घरात, अमेदेओ मायुरी या पुरातत्त्वज्ञाला एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. उंची वीतभर. गळ्यात, कमरेला, हातापायांत भरगच्च दागिने आणि दोन्ही बाजूंना शृंगाराची पात्रे घेऊन उभ्या असलेल्या दोन लहानग्या दासी. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली ते घर गाडले गेले, तेव्हा ती तिथेच होती. आज ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ हे नाव तिला चिकटले असले, तरी ती लक्ष्मी नसून यक्षी असावी असे मानणारे अभ्यासक पुष्कळ आहेत. फर्निचरचा विचार करणाऱ्याने मात्र तिच्या माथ्याकडे पाहावे. तिथून आत एक भोक पाडलेले आहे. म्हणजे ती एकटी उभी राहण्यासाठी कोरलेली नव्हती, ती कशाचा तरी एक भाग होती. सुरुवातीला ती आरशाची मूठ समजली गेली. नंतर दुसरा तर्क पुढे आला आणि तो अधिक पटतो: ती एखाद्या छोट्या तिपायी मेजाचा पाय असावी. तिच्या बैठकीवर खरोष्ठी लिपीतले अक्षरही आहे. सुटे भाग जोडताना कोणता कुठे बसतो हे कळावे म्हणून कारागीर अशा खुणा करत.

पुढे १९७३ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आणि नागपूर विद्यापीठ यांनी भोकरदनला उत्खनन केले. शां. भा. देव आणि आर. एस. गुप्ते यांनी त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. केळणा नदीकाठचे हे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांच्या यादीत इथल्या माणसांची नावे कोरलेली आहेत. या उत्खननात पॉम्पेईच्या मूर्तीशी जवळचे नाते सांगणारी हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तशीच एक मराठवाड्यातल्याच तेरलाही आहे. त्यामुळे पॉम्पेईची मूर्ती याच भागातल्या कारागिरांच्या हातची असावी, असे काही अभ्यासकांनी मांडले. खरोष्ठी अक्षराकडे बोट दाखवून काहींनी तिचे मूळ वायव्येला, अफगाणिस्तानातल्या बेग्रामच्या बाजूला शोधले. वाद मिटलेला नाही. भोकरदन तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा झाला आणि भोकरदन त्यात आले; आज ते त्याच्या आठ तालुक्यांपैकी एक आहे.

या मूर्तीपासून विसाव्या शतकातल्या मिलानपर्यंत सरळ धागा ओढणे चुकीचे ठरेल. पण एके ठिकाणी घडवलेला भाग दुसऱ्या ठिकाणी जाऊन जोडला जातो आणि त्यातून घरातली वस्तू उभी राहते, हा व्यवहार जालन्याच्या मातीला परका नाही. १९४५ ते १९७५ या तीस वर्षांत इटलीतल्या वास्तुविशारदांनी, सुतारांनी आणि रसायनतज्ज्ञांनी मिळून या व्यवहाराला जे रूप दिले, त्याची ओळख पुढील प्रकरणांत आहे. ही प्रस्तावना त्याकडे जालन्याच्या घरातून पाहते. त्यामागे एक आग्रह आहे. सुट्या भागांच्या फर्निचरचे मोल त्याच्या दिसण्यावर ठरवू नये. घर बदलले, माणसे वाढली, पोरे मोठी झाली, भाड्याची खोली सोडावी लागली, तर ती वस्तू पुन्हा मांडण्याचा अधिकार घरात राहणाऱ्याकडे उरतो की नाही, हे पाहावे. इटालियन मंडळींनी हा अधिकार देण्याची मनापासून खटपट केली. कुठे त्यांना यश आले, कुठे किमतीने त्यांचा पराभव केला.

युद्ध संपले तेव्हा मिलान बाँबहल्ल्यांनी खिळखिळे झाले होते. घरांची टंचाई भीषण होती. १९४९ ते १९६३ या काळात ‘इना-कासा’ या सरकारी योजनेतून कामगारांसाठी साडेतीन लाखांच्या आसपास घरे बांधली गेली. घरे मिळाली, पण खोल्या आटोपशीर होत्या. आजीच्या काळातली अवजड पलंगपेटी आणि शिसवी कपाटे त्यांत मावणे अवघड होते. दुसरीकडे मिलानच्या उत्तरेला ब्रिआन्झा हा सुतारांचा मुलूख होता. कांतू, लिस्सोने, मेदा या गावांत पिढ्यान्‌पिढ्या लाकूडकाम करणारी लहान लहान कारखानावजा घरे होती. शहरात इमारती बांधण्याचे पुरेसे काम नसलेले तरुण वास्तुविशारद या सुतारांच्या दारात गेले. १९४६ मध्येच मिलानमध्ये सामान्य कुटुंबासाठीच्या फर्निचरचे प्रदर्शन भरले, त्यात जोडता-सोडवता येणाऱ्या वस्तू होत्या. कागदावर रेघ ओढणारा आणि रंधा मारणारा एकाच टेबलाशी बसले, हे इटलीच्या यशाचे मोठे कारण आहे. आपल्याकडे हे दोघे आजही फार क्वचित एकत्र बसतात.

फ्रांको अल्बिनी हा त्या पिढीतला सर्वांत शिस्तीचा माणूस. पाव्हिया गावातल्या पोज्जी या सुतार घराण्यासाठी त्याने १९५६-५७ मध्ये पुस्तकांची एक मांडणी तयार केली. तिचे नाव एलबी-७. लाकडी उभे खांब जमीन आणि छत यांच्यामध्ये पेचाने ताणून बसवायचे, त्यांवर हव्या त्या उंचीवर फळ्या टेकवायच्या. भिंतीला भोक नाही, गिलाव्याला धक्का नाही. पुस्तके वाढली की खांब वाढवायचा. मुलगी शाळेत जाऊ लागली की खालची फळी काढून तिच्या उंचीचे टेबल बसवायचे. घर सोडताना सगळे उतरवून, बांधून न्यायचे. खोलीच्या मधोमध उभी केली तर हीच मांडणी भिंतीचे काम करते. आज कास्सिना कंपनी ती ‘इन्फिनितो’ या नावाने बनवते. पोज्जीच्या हातची जुनी एलबी-७ लिलावात फार मोठ्या किमतीला जाते.

जालन्यात ही कल्पना पाहायची असेल तर बियाणे आणि हार्डवेअरच्या दुकानांत जावे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे ‘महिको’ सुरू केली आणि जालना बियाण्यांचे शहर झाले. त्या बियाण्यांच्या दुकानांत भिंतीला लागून उभे असतात भोके पाडलेल्या लोखंडी अँगलचे रॅक. खरिपाच्या तोंडाला कपाशीची छोटी पाकिटे लावायची असतात, तेव्हा पत्रे जवळजवळ घेतले जातात. जड पिशव्या आल्या की नटबोल्ट सैल करून एक पत्रा खाली सरकवला जातो. यासाठी ना सुतार लागतो ना वेल्डर, पाना पुरतो. हा भोकांचा अँगल इटलीचा नाही. डेमेट्रियस कोमिनो या लंडनमधल्या छपाई व्यावसायिकाने तो १९४७ मध्ये ‘डेक्सियन’ या नावाने बाजारात आणला. पण अल्बिनीने लाकडात, पितळी पेचांत आणि अचूक प्रमाणांत जे साधले, तेच काम हा अँगल दर किलोच्या भावात करतो. लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या आणि सळया ओढणाऱ्या रोलिंग मिल यांच्या या शहरात त्याचे महत्त्व कोणी सांगत नाही, कारण तो दुकानाच्या मागच्या अंगाला उभा असतो. घरातल्या स्वयंपाकघरात भांड्यांची स्टीलची मांडणी असते, तिच्या खाचा मात्र बहुधा कायमच्या ठरलेल्या. ताटांची जागा ताटांना, वाट्यांची वाट्यांना. संसार बदलतो, मांडणी बदलत नाही.

मग आली प्लास्टिकची दहा-बारा वर्षे. हा भाग रेंगाळून वाचण्यासारखा आहे.

मिलानच्या पॉलिटेक्निकमध्ये जुलिओ नात्ता या रसायनशास्त्रज्ञाने १९५४ साली पॉलिप्रॉपिलीनचे सुबक रांगेत बसणारे रेणू तयार केले. हलके, चिवट, उकळत्या पाण्याला न घाबरणारे आणि स्वस्त प्लास्टिक त्यातून मिळाले. १९५७ पासून मोन्तेकातिनी कंपनी ते ‘मोप्लेन’ या नावाने विकू लागली. १९६३ मध्ये नात्ताला कार्ल झीग्लरच्या बरोबरीने नोबेल मिळाले. नात्ताच्या हाताखाली शिकलेला एक तरुण रसायन अभियंता होता जुलिओ कास्तेल्ली. त्याने १९४९ मध्येच ‘कार्टेल’ ही कंपनी काढली होती. सुरुवातीला ती मोटारीवर बर्फावरच्या घसरपट्ट्या बांधण्याचे साधन, बादल्या, टब, प्रयोगशाळेची भांडी असे साधेसुधे बनवत असे. बादली बनवणाऱ्या यंत्रातून खुर्ची काढता येईल का, हा प्रश्न याच कंपनीत विचारला गेला.

पहिले उत्तर मुलांसाठी होते. मार्को झानुझो आणि रिचर्ड सॅपर यांनी बालवाडीतल्या मुलांसाठी केलेली छोटी खुर्ची १९६४ मध्ये बाजारात आली. पॉलिइथिलीनची, चार जाड गोल पाय वेगळे निघणारे. पाय मुद्दाम असे घडवले की एका खुर्चीचे पाय दुसरीच्या पाठीवर घट्ट बसावेत. मुले त्या खुर्च्या एकमेकींवर रचून किल्ला करत, बोगदा करत, खेळून झाले की त्यांवर बसत. वजन इतके कमी की चार वर्षांचे पोर ती स्वतः उचलून नेई. त्याच वर्षी तिला ‘कोंपास्सो दोरो’ हा इटलीतला मानाचा डिझाइन-पुरस्कार मिळाला. वापरणारा कोण आहे, त्याच्या हातात किती ताकद आहे आणि त्याला काय आवडते, याचा इतका नेमका विचार फार थोड्या खुर्च्यांत दिसतो. जालना जिल्ह्यातल्या अंगणवाड्यांत मुले सतरंजीवर बसतात आणि त्यात काही वाईट नाही. पण जिथे खुर्ची द्यायची ठरते, तिथे या खुर्चीचा अभ्यास करून मग द्यावी, इतकी ती चांगली आहे.

जो कोलोंबो या डिझायनरची ‘उनिव्हेर्साले’ खुर्ची १९६५ मध्ये रेखाटली गेली आणि १९६७ मध्ये कारखान्यातून बाहेर पडली. मोठ्या माणसासाठीची, एकाच प्लास्टिकमध्ये साच्यातून काढलेली ही पहिली खुर्ची मानतात. हिचेही पाय निघतात. आखूड पाय लावले की आरामखुर्ची, लांब लावले की उंच स्टूल. पाठीला खालच्या बाजूला एक भोक आहे, ते साच्यातून खुर्ची सोडवायला आणि नंतर हाताने उचलायला उपयोगी पडते.

याच वाटेवर पुढे १९७२ मध्ये फ्रान्समध्ये आँरी मासोने याने हातांची, जाळीदार पाठीची, कमी वेळात साच्यातून निघणारी अखंड खुर्ची बाजारात आणली. तिची असंख्य भावंडे जगभर पसरली. भारतात मुंबईच्या ‘नीलकमल’सारख्या कंपन्यांनी ती गावोगाव नेली. आज मंठ्याच्या किंवा परतूरच्या एखाद्या लग्नाच्या मांडवात चारपाचशे खुर्च्या लागतात. त्या मांडववाल्याच्या टेम्पोतून दहा-दहाच्या थप्पीने उतरतात, दुपारी जेवणाच्या पंगतीला लागतात, संध्याकाळी धुऊन दुसऱ्या गावच्या सप्ताहाला किंवा ग्रामसभेला जातात. त्या खुर्च्या नात्ताच्याच पॉलिप्रॉपिलीनच्या. पूर्वी गावात खुर्ची पाटील, सरपंच किंवा तहसीलदारासाठी यायची आणि बाकीचे जमिनीवर बसायचे. प्लास्टिकच्या थप्पीने हा भेद पुष्कळ पुसला. डिझाइनच्या इतिहासात या खुर्चीला बहुधा टोमणेच मिळतात. तिचे पाय आता निघत नाहीत, तुटली की ती फेकावी लागते, उन्हात ती ठिसूळ होते, हे सगळे दोष खरे आहेत. तरीही कोलोंबोने ज्यांच्यासाठी खुर्ची काढली असे तो म्हणत होता, त्या सर्व माणसांपर्यंत ती हिच्याच रूपाने पोचली. तिचे हे श्रेय नाकारू नये.

कार्टेलच्याच घरातली आणखी एक वस्तू आज साठीच्या उंबरठ्यावर असूनही दुकानांत विकली जाते. आन्ना कास्तेल्ली फेर्रिएरी ही अल्बिनीकडे उमेदवारी केलेली वास्तुविशारद, जुलिओ कास्तेल्लीची पत्नी. तिने १९६७ च्या सुमारास ‘कोम्पोनिबिली’ ही डब्यांची रचना केली. आधी चौकोनी, मग गोल. प्रत्येक डबा खालच्या डब्यावर नुसता ठेवायचा; स्क्रू नाही, बिजागरी नाही, सरकते दार आणि बोट घालायला त्यात एक गोल भोक. जुन्या मराठी घरातल्या धान्याच्या उतरंडीत वरचे मडके हे खालच्याचे झाकण असते, तीच युक्ती इथे आहे. पलंगाशेजारी दोन डबे, न्हाणीघरात तीन, स्वयंपाकघरात चार. आन्नाने ठरवून दिले ते एवढेच की डब्याचा काठ कसा असेल. बाकीचे घरच्या बाईने ठरवायचे. त्या काळच्या इटालियन डिझाइनमध्ये पुरुषांचीच नावे गाजत होती, आणि त्यातली सर्वांत टिकाऊ वस्तू एका बाईच्या टेबलावरून आली, हे लक्षात ठेवायला हवे.

इटालियन कल्पकता मराठवाड्यात पोचली ती मात्र फर्निचरमधून नव्हे, चाकांवरून. कोर्रादिनो दास्कानिओने १९४६ मध्ये आखलेल्या व्हेस्पाचे परवाने घेऊन पुण्याच्या आकुर्डीत बजाजने स्कूटर बनवली, १९७२ मध्ये तिचीच पुढची पिढी ‘चेतक’ झाली, आणि पुढे वाळूजला कारखाना आला. मुंबईच्या कुर्ल्यात फियाट ११०० ची पद्मिनी झाली. ज्या घरात इटालियन स्कूटर अंगणात उभी होती, त्या घरात आत गोदरेजचे किंवा गोदरेज म्हणून घेतलेले लोखंडी कपाट होते. गोदरेजने १९२३ पासून ही कपाटे बनवली. मुलीच्या लग्नात कपाट, दिवाण आणि ड्रेसिंग टेबल देण्याची रीत जालन्यात अजून आहे. कपाट मजबूत, चोराला आणि वाळवीला दाद न देणारे, पण अखंड. नव्या फ्लॅटच्या जिन्यात ते अडकते, चार माणसांना ते बाल्कनीतून दोराने चढवावे लागते, आणि भाड्याचे घर बदलताना ‘छोटा हत्ती’त निम्मी जागा तेच खाते.

स्वयंपाकघराची गोष्ट वेगळी आणि जरा दुःखाची. कोलोंबोने १९६३ मध्ये बोफ्फी कंपनीसाठी ‘मिनिकिचन’ केले. चाकांवरची एक पेटी. तिच्यात शेगडी, छोटा फ्रीज, खण, भाज्या चिरायचा पाट, विजेचे खटके. सहा माणसांचा स्वयंपाक होईल एवढी सोय, आणि हे सगळे एका वायरीवर. पेटी ढकलत खिडकीपाशी न्यावी, अंगणात न्यावी, घर सोडताना बरोबर न्यावी. कोलोंबो १९७१ मध्ये, आपल्या एक्केचाळिसाव्या वाढदिवशी वारला. दुसऱ्या वर्षी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्याचे शेवटचे काम दाखवले गेले: अवघ्या २८ चौरस मीटरमध्ये स्वयंपाक, झोप, कपडे आणि न्हाणी यांचे चार गठ्ठे.

आज जालन्यात नव्या वस्त्यांमधून ‘मॉड्युलर किचन’च्या पाट्या दर चौकात दिसतात. ग्रॅनाइटचा ओटा, त्याखाली स्टीलच्या जाळीच्या ट्रॉल्या, वर चकचकीत पत्र्यांची कपाटे. काम नेटके असते, कारागीर हुशार असतात, आणि बाईची कंबर वाकण्यापासून वाचते, हे मोठेच काम. पण हे सगळे प्लायमध्ये कापून, भिंतीला ठोकून, त्या एका स्वयंपाकघराच्या मापाने केलेले असते. मालकाने घर विकले तर ते जागेवरच राहते. भाडेकरूला त्यावर खर्च करणे परवडत नाही. पाणी लागून खालचा प्लाय फुगला, तर तेवढाच भाग बदलून देणारा माणूस सापडत नाही. इटलीत ज्या गोष्टीसाठी सुट्या भागांची सुरुवात झाली, तीच गोष्ट या स्वयंपाकघरांतून गळून पडली आहे. जालन्यातल्या शिक्षकाची बदली होते, बँकेतल्या माणसाची होते, एमआयडीसीतला कामगार दोन-तीन वर्षांत खोली बदलतो. त्यांच्यासाठी चाकांवरचा ओटा कुणी बनवला, तर तो चालेल असे मानायला पुरेशी जागा आहे.

न्यूयॉर्कच्या त्या प्रदर्शनाबद्दल पुढे एक पूर्ण प्रकरण आहे, म्हणून इथे थोडक्यात. एमिलिओ आम्बास याने ते मांडले होते. २६ मे ते ११ सप्टेंबर १९७२ या काळात ‘इटली: घरातला नवा प्रदेश’ अशा अर्थाचे नाव घेऊन ते चालले. त्यात वस्तूही होत्या आणि अख्ख्या खोल्याही. मारिओ बेल्लिनीचा १९७० चा ‘कामालेओंदा’ सोफा याच पर्वातला: ९० सेंटीमीटरच्या चौकोनी गाद्या, कड्या, आकडे आणि दोरांनी हव्या तशा जोडायच्या. २०२० मध्ये तो पुन्हा बाजारात आला आणि लगेच श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत जाऊन बसला.

एत्तोरे सोत्सास या डिझायनरचे तिथले काम भारतीय वाचकाने जरूर पाहावे. हा माणूस १९६१ मध्ये भारतात येऊन गेला होता आणि त्या प्रवासाने आतून हलला होता. परतल्यावर तो मरणाच्या दारातल्या आजारातून उठला आणि १९६४ मध्ये त्याने ‘शिवाला अर्पण’ अशा नावाची मातीच्या ताटांची मालिका केली. न्यूयॉर्कमध्ये त्याने करड्या प्लास्टिकच्या, चाकांवरच्या उंच पेट्या मांडल्या. एकीत शेगडी, एकीत न्हाणीचा फवारा, एकीत कपडे, एकीत पुस्तके. त्या ओळीत लावा, वळणाने लावा, एकमेकींपासून दूर करा. वस्तूंवरचा माणसाचा मालकीहक्क सैल व्हावा, आणि घर म्हणजे साठवण न राहता हालचाल व्हावी, असे त्याला वाटत होते.

इथे जालन्याकडून एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतली हजारो माणसे दर दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. एका ट्रॅक्टर ट्रॉलीत पत्र्याची पेटी, गोधड्या, चूल, भांडी, धान्याचे पोते, पाण्याचे हंडे आणि पोरे. पाच-सहा महिन्यांचे घर इतक्यात बसते आणि कारखान्याच्या फडावर पालांत पुन्हा उभे राहते. मिलानच्या कलावंतांना फिरस्त्या जीवनाचे स्वप्न पडले ते पगार, वीज आणि डॉक्टर जवळ असताना. ज्यांना खरोखर फिरावे लागते त्यांच्या सामानाचा विचार त्या प्रदर्शनात कुणी केला नव्हता, आणि आपल्याकडेही अजून कुणी नीट केलेला नाही. पावसाने भिजणार नाही अशी धान्याची पेटी, लेकराच्या झोपण्याची घडीची जागा, बाईला आडोसा देणारा हलका पडदा-सांगाडा: ही रचनेची खरी अवघड कामे आहेत. त्यांत इटालियन पुस्तकांमधले पुष्कळ ज्ञान वापरता येईल.

पाण्याचेही तसेच. काही दिवसांआड नळ येणाऱ्या शहरात घरातली सर्वांत मोठी वस्तू म्हणजे निळा ड्रम किंवा टाकी असते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यातल्या खोल्या ड्रमांनी भरून गेल्या होत्या. इटलीच्या कोणत्याही रचनेत ड्रमाला जागा नाही. ती आपल्यालाच शोधावी लागेल.

१९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि प्लास्टिकचा सुवर्णकाळ ओसरला. त्याच्या दुसऱ्या वर्षी एन्झो मारी या तापट, कामगारांच्या बाजूच्या कलावंताने एक पुस्तिका काढली. तिचे नाव ‘आउतोप्रोजेत्तात्सिओने’, म्हणजे स्वतःचे स्वतः रचणे. तिच्यात खुर्ची, टेबल, पलंग, कपाट, मांडणी अशा एकोणीस वस्तूंची रेखाटने होती. साहित्य एवढेच: लाकूडवखारीत मिळणाऱ्या साध्या फळ्या, करवत, हातोडा आणि खिळे. टपालखर्च पाठवणाऱ्याला ती पुस्तिका मिळत असे. कुणीही स्वतःसाठी या वस्तू बनवाव्यात, फक्त कारखानदार आणि व्यापाऱ्यांनी बनवू नयेत, अशी अट होती. मारीचे म्हणणे असे की, ज्याने एकदा स्वतःच्या हाताने टेबल ठोकले, त्याला दुकानातले टेबल चांगले आहे की फसवे, हे आपसूक कळेल. बाकीच्यांनी सुटे भाग दिले, मारीने भाग करण्याची रीतच लोकांच्या हाती दिली. पुढील प्रकरणांत सर्वांत जास्त पाने त्याला दिली आहेत, ती विचारपूर्वक दिली आहेत. १९ ऑक्टोबर २०२० रोजी तो कोरोनाने गेला.

वाचकाने ही प्रकरणे क्रमानेच वाचावीत असे नाही. ज्याला साहित्यात रस आहे त्याने कार्टेलपासून सुरुवात करावी, ज्याला लाकडात रस आहे त्याने अल्बिनी आणि पोज्जीपासून. प्रत्येक वस्तूची मापे सेंटीमीटरबरोबर फूट-इंच-सुतातही दिली आहेत, कारण जालन्यातला सुतार सुतात विचारतो आणि आठ बाय चारच्या प्लायच्या ताटात किती तुकडे बसतात हे आधी पाहतो. फॅब्रिकेशनवाल्यांसाठी चौकोनी पाइपाची मापे वेगळी नोंदली आहेत. एलबी-७, कोम्पोनिबिली आणि कामालेओंदा यांचे हक्क आज त्या त्या कंपन्यांकडे आहेत, त्यांची रेखाटने समजण्यासाठी आहेत. मारीच्या रेखाटनांना मात्र त्याने स्वतःच परवानगी देऊन ठेवली आहे. ज्याला आपल्या घरासाठी टेबल हवे आहे त्याने ते पान फाडून सुताराकडे न्यावे, किंवा फळ्या आणून रविवारी स्वतःच ठोकायला बसावे.